आला नाही म्हणजे आराम

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे मित्रांनो, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही तिघे-चौघे एकदम माझ्या पाठीवर उभे राहून खिडकीतून बाहेर बघता, ते मला आता सोसत नाही. चढू नका असं मी म्हणत नाही. माझा जन्मच दुसऱ्याचं ओझं घेण्यात गेला. पण एकेकाने चढा, आणि चढण्याआधी माझी गोष्ट ऐका. फार लांबवणार नाही. मला आता बोलायचाही शीण येतो.

माझा जन्म नगरच्या बाजारातला. एका पेटीवाल्याने जाड पत्रा कापला, ठोकला, कोपऱ्यांना पट्ट्या मारल्या आणि मला हिरवा रंग दिला. माझ्या शेजारच्या पेट्यांवर गुलाबाची फुलं होती, मोर होते. त्या लग्नाच्या पेट्या होत्या. माझ्यावर मात्र काहीच काढलं नव्हतं. मला वाटलं, या सगळ्या लुगडी-चोळ्या सांभाळायला सासरी जाणार आणि मी इथेच धूळ खात बसणार. पण पहिलं गिऱ्हाईक मलाच आलं. ते होते डॉक्टर पारखे.

डॉक्टर तेव्हा तरुण होते. कर्जतच्या बाजूला, सडकेला लागून, त्यांनी डोळ्यांचा एक लहानसा दवाखाना उघडला होता. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. झाल्या गोष्टीबद्दल त्या माणसांना मागून बोल लावायची माझी इच्छा नाही. माणसं चांगलीच होती.

माझ्या पोटात मधोमध एक फळी बसवली होती. फळीच्या डावीकडे वैद्यकीची इंग्रजी मासिकं होती. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी गाव सोडताना ती देऊन टाकली होती, आणि पुढचे अंक टपालाने येत राहिले. उजवीकडे डोळ्याला मार लागून आलेल्या रोग्यांचे केसपेपर होते. प्रत्येकाच्या कागदावर नाव, गाव, काय लागलं, कोणतं औषध दिलं हे लिहिलेलं असे, आणि शेवटच्या ओळीत डोळ्याचं पुढे काय झालं ते. आत जागा नव्हती म्हणून मला ओसरीवर भिंतीला लावून ठेवलं, आणि त्या दिवसापासून रोगी माझ्यावर बसू लागले.

काय काय बसलं माझ्यावर म्हणून सांगू! मोतीबिंदूची म्हातारी माणसं, डोळ्याला फडकं धरून कण्हणारे गडी, कडेवर पोर घेतलेल्या आया. एकाने तर तंबाखूचा चुना माझ्याच कडीला पुसला होता. रोज शंभरावर माणसं यायची आणि डॉक्टर एकटे. दुपारी त्यांचा डबा उघडायचा राहूनच जायचा. मी थकले होते, तेही थकले होते. पण थकलेल्या माणसाला थांबायला कोण सांगणार?

केसपेपर सांभाळायचं काम शांतवनभाऊंचं. ते कंपाउंडर होते, अक्षर मोत्यासारखं होतं आणि एकही कागद त्यांनी कधी हरवला नाही. त्यांची एक रीत होती. रोगी पहिल्या दिवशी यायचा, तिसऱ्या दिवशी दाखवायला यायचा. त्यानंतर महिनाभर वाट बघून शांतवनभाऊ त्याचा कागद काढायचे आणि शेवटच्या ओळीत लिहायचे, "आला नाही. आराम." मग कागदांचा गठ्ठा सुतळीने बांधून माझ्या पोटात जायचा.

"दुखत असतं तर माणूस आला नसता का?" ते म्हणायचे. "आला नाही म्हणजे बरा झाला. सरळ हिशेब आहे."

आणि खरं सांगू? मलाही तो हिशेब सरळच वाटायचा. आराम, आराम, आराम! पोटात इतका आराम साठलेली पेटी साऱ्या नगर जिल्ह्यात नसेल, असं म्हणून मी मनात मिरवायची. डॉक्टरही पाहुण्यांना माझ्या झाकणावर थाप मारून सांगायचे, "आमच्या कामाचा पुरावा या पेटीत आहे." तेवढी एक थाप मला वर्षभर पुरायची.

आता त्या पांढऱ्या औषधाबद्दल सांगते. आमच्या भागात डोळ्याला सगळ्यात जास्त लागतं ते सुगीत. ज्वारी काढताना वाळलेलं पातं डोळ्यावर सपकन बसतं. मळलेल्या धान्याला वारं द्यायला पाटी घेऊन उभं राहिलं की कुसळ जातं. डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. डॉक्टर अशा सगळ्यांना एक दुधासारखं पांढरं औषध थेंब थेंब घालायला द्यायचे. ते घातलं की दोन दिवसांत लाली जायची, आग थांबायची. माणसं दुवा द्यायची. पुढे पुढे लोकच येऊन म्हणू लागले, "डाक्टर, ते पांढरं द्या." मग ते सगळे बरे होऊन घरी जायचे आणि परत यायचे नाहीत. शांतवनभाऊ लिहायचे आराम.

असं कित्येक वर्षं चाललं. मग सत्तर साली नर्स म्हणून दया सिस्टर आल्या.

दया सिस्टर उंच, सावळ्या आणि भारी चौकस होत्या. आल्या तेव्हा त्यांनी माझं डावं अंग उघडलं. तिथे कित्येक वर्षं कुणी हात घातला नव्हता. डॉक्टरांना वाचायला वेळ कुठला! अंक यायचे आणि वेष्टन न फाडता माझ्यात जायचे. दया सिस्टर रोज संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक अंक वाचू लागल्या. इंग्रजी त्यांना सोपं नव्हतं. एका पानाला दोन दिवस लागायचे. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर एका अंकापाशी त्या थबकल्या, पेन्सिलने खुणा केल्या आणि तसाच तो अंक घेऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, यात लिहिलंय की पाल्यापातेऱ्याने डोळ्याला जखम झाली तर आत बुरशी वाढू शकते. आणि आपण देतो तसल्या पांढऱ्या औषधाने ती बुरशी आणखी फोफावते. वरून लाली जाते, आतून डोळा कुजतो."

डॉक्टर दमलेले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सिस्टर, ते परदेशातलं आहे. तिकडे ज्वारी तरी पिकते का? आपल्याकडचे रोगी बरे होतात. ती पेटी उघडून बघा, पानोपानी आराम लिहिलंय. आणि ती साळूबाई आठवते ना, शांतवनभाऊ? चार वर्षांपूर्वी पातं लागून आली होती. दर सुगीला नवऱ्याच्या हाती हुरडा पाठवते. बरी झाली म्हणूनच पाठवते ना?"

"तर काय!" शांतवनभाऊ म्हणाले. "गहिनीनाथ स्वतः आणून देतो."

खरंच होतं ते. दर सुगीला तिचा नवरा गहिनीनाथ कोवळ्या कणसांची पिशवी घेऊन यायचा. डॉक्टर विचारायचे, "साळूबाई बरी आहे ना?" आणि तो म्हणायचा, "तुमच्या आशीर्वादानं ब्येस चाललंय." मग ओसरीवर शेणी पेटवून हुरडा भाजायचा आणि सगळ्यांनी खायचा. मीही त्या वासाने सुखावायची. पत्र्याला वास येतो का म्हणून हसू नका. वीस वर्षं माणसांच्या खाली राहिलं की सगळं यायला लागतं.

दया सिस्टरांनी अंक मिटून परत माझ्यात ठेवला. हुरड्यापुढे बिचारं मासिक काय करणार?

मग बहात्तर सालचा माघ महिना आला. पाऊस आधीच रुसलेला होता. शेतात ज्वारी उभी होती ती गुडघ्याएवढी, कणसं करंगळीएवढी. त्या वर्षी हुरडा आलाच नाही. आली ती साळूबाईच.

गहिनीनाथने हाताला धरून तिला ओसरीवर आणलं आणि माझ्यावर बसवलं. उजव्या डोळ्यावर तिने पदराचा बोळा धरला होता. "पातं लागलं वो," ती म्हणाली. "ज्या काय चार काड्या उगवल्यात, त्यातलंच एक आलं डोळ्यावर. आठ दीस झालं. ते पांढरं औषध द्या, भाऊ. त्यानं लई गार वाटतं."

दया सिस्टरांनी तिचा पदर बाजूला केला. उजवा डोळा लालबुंद होता आणि बुबुळावर राखाडी ठिपका दिसत होता. मग त्यांनी सहज डावा डोळा बघितला. तो उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा होता.

"हा डोळा कधी गेला, साळूबाई?"

"झाली की चार वरसं. हितंच आले हुते, पातं लागलं तवा."

दया सिस्टर खाली वाकल्या. "जरा उठता का?" म्हणाल्या. माझं झाकण त्यांनी इतक्या जोरात उघडलं की माझी एक बिजागरी तेव्हाच सैल झाली. ती अजून तशीच आहे. चार वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडून त्यांनी कागद काढला. शेवटच्या ओळीत शांतवनभाऊंच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "आली नाही. आराम."

मित्रांनो, तो कागद चार वर्षं माझ्या पोटात होता. किती मिरवले होते मी त्याच्यावर! आणि तीच साळूबाई माझ्यावर बसली होती, एक डोळा गमावून आणि दुसरा पदराने झाकून.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कागद बघितला, डोळा बघितला, पुन्हा कागद बघितला. मग हळूच विचारलं, "साळूबाई, डोळा गेला तेव्हा सांगायला का नाही आलात?"

साळूबाई वरमली. "आता कसं सांगू साहेब! तुमी एवढं केलं, हातानं थेंब घातलं. डोळा गेला तो माज्या नशिबानं. तुमाला येऊन सांगितलं असतं तर तुमचं त्वांड उतरलं असतं. बरं दिसतं का ते?"

"आणि हुरडा?"

"तुमी उपकार केलं, आमी हुरडा द्यायचा न्हाई व्हय?"

डॉक्टर पारखे माझ्यावर बसले, अगदी साळूबाईच्या शेजारी. डॉक्टर कधी रोग्यांच्या जागी बसत नसत. त्यांचं वजन किती आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पण ते लगेच मानणारे नव्हते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. "एका रोग्यावरून पुरावा होत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "हिचा एक डोळा गेला म्हणून सगळ्यांचे गेले असं नाही. आणि ते औषध नाही दिलं आणि हाही डोळा गेला, तर? मग मी काय तोंड दाखवू?"

"साहेब, निदान खरवडून तरी बघा."

दवाखान्यात हिवतापाचं रक्त तपासायचं एक सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. डॉक्टरांनी डोळा बधिर करून तो राखाडी ठिपका हलकेच खरवडला, काचेवर घेतला आणि यंत्राला डोळा लावला. काच सरकवून पुन्हा पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "धागे आहेत. बुरशीच आहे."

त्या दिवशी साळूबाईला पांढरं औषध मिळालं नाही. तिला ठेवून घेतलं. रोज जखम साफ करायची, दुसरे थेंब घालायचे आणि पुण्याहून मागवलेलं बुरशीवरचं मलम लावायचं. त्याने आग थांबली नाही, लालीही उतरली नाही. साळूबाई कण्हायची आणि पांढरं मागायची. चौथ्या दिवशी गहिनीनाथ डॉक्टरांच्या पुढे येऊन उभा राहिला. त्याने पागोटं काढून हातात धरलं होतं.

"साहेब, औंदा हुरडा न्हाई आनला म्हनून व्हय?"

"काय?"

"चांगलं औषध देत न्हाई म्हनतोय मी. रानात कायबी न्हाई हो, साहेब. पुढल्या सालाला दोन पिशव्या आनतो. पर तिला पांढरं द्या. दुसरा डोळा गेला तर घरातली वाट कोन दावंल तिला?"

शांतवनभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दया सिस्टरांनी गहिनीनाथला माझ्यावर बसवलं, स्वतः जमिनीवर बसल्या आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते औषध कसं काम करतं, काय लपवतं आणि डावा डोळा कशाने गेला असावा, काही झाकलं नाही. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मंग हे आदीच का न्हाई कळलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा मी होते. उत्तर माझ्या एका बाजूला इंग्रजीत पडलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला खोटा आराम भरला होता. मधे एक फळी होती. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं. पण पेटीला वाचा नसते, तिला कुणीतरी उघडावं लागतं.

त्याच संध्याकाळी दया सिस्टर जोडकार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. जोडकार्ड म्हणजे दोन कार्डं एकमेकांना जोडलेली. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर त्यांनी उत्तर पाठवायचं. पातं किंवा कुसळ लागून आलेल्या, पांढरं औषध घेतलेल्या आणि 'आराम' पडलेल्या माणसांपैकी साठजणांना त्यांना कार्डं घालायची होती.

शांतवनभाऊ चिडले. "कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता, सिस्टरबाई? वीस वर्षांत एकही कागद मी चुकीचा लावला नाही."

"लावला नाही, शांतवनभाऊ. फक्त शेवटची ओळ विचारून लिहिली नाही."

हे त्यांना फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी पत्ते लिहायला तेच बसले, कारण त्यांच्याइतकं सुवाच्य अक्षर कुणाचंच नव्हतं.

डॉक्टरांनी त्यात एक गोष्ट वाढवली. "एकोणसत्तर साली दोन महिने नगरहून पांढरं औषध आलंच नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा पातं लागून आलेल्यांना मी नुसतं डोळा धुऊन साधं मलम दिलं होतं. मला फार वाईट वाटायचं त्यांचं. त्या बाराजणांनाही विचारा. दोन्हीकडचं कळल्याशिवाय खरं कळणार नाही."

कार्डावर मजकूर एकच होता. "तुमचा डोळा आता कसा आहे? जे असेल ते खरं कळवा. डॉक्टरांना राग येणार नाही."

तीन आठवडे उत्तरं येत राहिली. कुणाचं मास्तरांनी लिहिलेलं, कुणाचं पोस्टमनने, कुणाचं शाळकरी पोराने शिसपेन्सिलीने. दया सिस्टर माझ्यावर बसून ती मोठ्याने वाचायच्या आणि शांतवनभाऊ ऐकायचे.

"डाक्टरसाहेबास रामराम. डोळा पार गेला. पर तुमचा दोस न्हाई. तुमी लई मायेनं वागवलं."

"केशरबाई सांगती की दिसत न्हाई. साहेबांस सांगू नका, त्यास वंगाळ वाटंल."

"डोळा ब्येस हाय. सुई ओवते."

"मच्छिंद्र मागल्या साली वारला. डोळा त्याच्या आदीच गेल्ता. कार्ड घातलं, लई बरं वाटलं. कुनी इचारलं न्हवतं."

साठांपैकी अडतीस उत्तरं आली. त्यातले तेवीस डोळे गेलेले होते. बाराजणांपैकी नऊ उत्तरं आली, आणि त्यातल्या सातजणांना चांगलं दिसत होतं. ज्यांचं डॉक्टरांना वाईट वाटायचं, तेच वाचले होते.

त्या दिवशी डॉक्टरांनी फडताळातल्या पांढऱ्या औषधाच्या बाटल्या उतरवल्या आणि कुलूप घालून वेगळ्या ठेवल्या. काही दुखण्यांत त्या लागतातच, पण पात्याच्या जखमेत नाही. मग भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला, "पातं, कुसळ, काडी लागली असेल तर आधी खरवडून बघा." आणि शांतवनभाऊ माझ्या पुढ्यात मांडी घालून बसले. त्यांनी एकेक गठ्ठा सोडला. जिथे जिथे "आला नाही. आराम." होतं, तिथे 'आराम' शब्दावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "माहीत नाही."

सगळे गठ्ठे संपायला त्यांना दहा-बारा दिवस लागले. माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही. मधेच हात थांबायचा, ते चष्मा पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. माझ्या पोटात इतकी वर्षं जो आराम होता, तो सगळा त्यांनी काढून घेतला. मला राग यायला हवा होता. पण मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा माझं ओझं पहिल्यांदा हलकं झालं.

आणि साळूबाई? तिचा डोळा वाचला. पुरता नाही, बुबुळावर डाग राहिला आणि बारीक काम दिसेना. पण घरी जायच्या दिवशी ती ओसरीवर माझ्याजवळ उभी राहिली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई! ही पेटी हिरवी हाय व्हय? मला काळीच वाटली हुती." मी हिरवी आहे हे मीच विसरले होते. कुणीतरी बघितलं, बरं वाटलं.

पुढे पाऊस पडलाच नाही. ज्वारी नाही, तर कुसळ कुठलं? माणसं सडकेवर खडी फोडायला गेली, आणि ओसरीवर दगडाची कपची लागलेले डोळे येऊ लागले. गर्दी दुप्पट झाली. पण आता प्रत्येकाच्या कागदाला एक जोडकार्ड टाचलेलं असे. कुणी फिरकला नाही की शांतवनभाऊ आराम लिहीत नसत, कार्ड घालत.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी साळूबाई आली. खडीच्या कामावरून तशीच निघाली होती, चार कोस उन्हातून, पायात काही नाही. हातात पिशवीही नव्हती. डॉक्टर घाईने बाहेर आले. "काय झालं, साळूबाई?"

"काय न्हाई झालं. डोळा जरा अंधुक वाटतोय चार दिसांपास्नं," ती म्हणाली. "तुमी म्हनला हुता, वाईट असलं तरी सांगायला या. म्हनून आले. हुरडा न्हाई आनला, साहेब."

डॉक्टरांनी आतली स्वतःची खुर्ची बाहेर आणली आणि तिला बसवलं. डोळा तपासला. धुळीने सूज आली होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. शांतवनभाऊंनी तिचा कागद काढला. मग शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "आली."

एवढंच. माझ्या आयुष्यात माझ्या पोटात पडलेला सगळ्यात चांगला शब्द तो.

पुढच्या वर्षी दवाखान्यात खणांचं लाकडी कपाट आलं. कागद तिकडे गेले, मासिकं दया सिस्टरांच्या टेबलावर गेली आणि मी तुमच्या शाळेत आले. आता माझ्यात फुटके खडू आहेत आणि हवा गेलेला एक चेंडू. तक्रार नाही. फक्त कंबर दुखते.

पण चढण्याआधी एकदा माझं झाकण उघडा. तळाशी, गंजाला चिकटून, एक जोडकार्ड राहिलं आहे. पत्ता सापडला नाही म्हणून पोस्टातून परत आलेलं. काढताना ते निघालं नाही, आणि मग सगळे विसरले. गावाचं नाव गंजाने खाल्लं आहे. नाव तेवढं वाचता येतं, लंकाबाई. खाली शांतवनभाऊंचं अक्षर आहे, "तुमचा डोळा आता कसा आहे?" आणि त्याला जोडलेलं कोरं कार्ड अजून तसंच आहे.

तुमच्यातले कितीतरी जण लांबलांबच्या वस्त्यांवरून येतात. घरी गेलात की विचारा, शेजारीपाजारी कुणी लंकाबाई आहे का, कधी तिला पातं लागलं होतं का. सापडली तर तिच्यापाशी बसा आणि ती सांगेल तेच त्या कोऱ्या कार्डावर लिहा. नाही सापडली, तर माझ्यासाठी एवढं करा, तिथे आराम लिहू नका.